उंबऱ्याच्या आत

मध्यंतरी चुडाव्याला जाऊन आलो. पूर्णेहून नांदेडकडे जाताना लागणारं आमचं छोटंसं स्टेशन. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास टाकलेला हा मनमाड-सिकंदराबाद मार्ग. आमच्या घराच्या माळवदावरून गाडी दिसायची. आता घर बंदच असतं. कुलूप काढलं, ढेलजेत क्षणभर उभा राहिलो आणि नजर सवयीने कोपऱ्यातल्या बाजेकडे गेली. आत्याबाई तिथे पडून असायची, शेवटचे चौदा महिने.

हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस चाललं होतं. घरची मंडळीही वाचतात, कुणाला वाटेल जुन्या गोष्टी कशाला उकरतोय. पण दोष द्यायचाच तर त्यात मी पहिला आहे, म्हणून लिहितो.

आत्याबाईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "घरच्यासारखं कुठं होत नाही." दादा नोकरीपायी पुण्याला, मीही तिथेच. मग एका ब्युरोला फोन करून चोवीस तासांची बाई ठेवली. बाई कसली, विशीतली पोरगी. महिन्याचे पैसे ब्युरोकडे जायचे, तिच्या हाती किती पडायचे ते आम्ही कधी विचारलंच नाही.

मी महिना-दोन महिन्यांनी जायचो. बाजेशेजारी बसायचो, हात हातात घ्यायचो, चहा प्यायचो, निघायचो. एकदा कसला तरी वास आला म्हणून चादर सारायला गेलो, तर आत्याबाई अडखळत म्हणाली, "तिकडं काहून बघायलास बाबा, बस." बाईमाणसाची पाठ कशी बघायची, म्हणून मीही बसलो. पुढच्या खेपेला शेजारच्या काकूंनी तिला कुशीवर वळवलं. कमरेखाली तळहाताएवढी जखम होती.

मी त्या पोरीवर ओरडलो. ती रडत म्हणाली, "दादा, वळवायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही."

आणि ते खरं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. भरवताना उठवून बसवावं लागतं, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. हे तिला ब्युरोने शिकवलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. रात्रंदिवस एकटीने दर दोन तासांनी उठणारी पोरगी झोपणार कधी, हेही नव्हतं विचारलं.

असो. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला आहे. दवाखान्यात चूक झाली तर निदान दाद मागायला जागा असते. घराच्या उंबऱ्याच्या आत माणसाची आबाळ होते तेव्हा बघणारं कोण असतं? जमेल तसं वाचत गेलो, त्यातलं थोडं इथे मांडतो.

सगळ्यात आधी १८९७ चा मार्च महिना समोर येतो. पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुले आजारी मुलाला स्वतः उचलून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात घेऊन गेल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्याच महिन्यात रँडचे सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घ्यायला लागले. देवघरात, माजघरात, कुठेही. त्याचा शेवट २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाला ते आपण शाळेत शिकलोच आहोत. मला वाटतं, "सरकारने घरात डोकावू नये" ही भावना आपल्याकडे इतकी घट्ट आहे त्यात त्या झडत्यांचाही वाटा असावा. ती भावना चुकीची नाही. पण तिची किंमत कधीकधी बाजेवरचं माणूस देतं.

तिकडे विलायतेत उलटं घडलं होतं. लिव्हरपूलचा व्यापारी विल्यम रॅथबोन. त्याची बायको आजारी असताना मेरी रॉबिन्सन नावाची नर्स घरी ठेवली होती. १८५९ मध्ये बायको वारली, तेव्हा त्याने त्याच नर्सला पगार देऊन गरिबांच्या घरी जाऊन सेवा करायला सांगितलं. काम एकटीच्या आवाक्यातलं नाही हे कळल्यावर त्याने फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा सल्ला घेतला आणि १८६२ मध्ये नर्स शिकवणारी शाळाच काढली. म्हणजे घरात जायचं, पण शिकलेल्या माणसाने, मदतीसाठी.

नाइटिंगेलबाईंचं शुश्रूषेवरचं पुस्तकही १८५९ चंच, आणि ते मुख्यतः घरात आजाऱ्याचं करणाऱ्या बायकांसाठी लिहिलेलं. त्यात एक प्रकरण व्यवस्थेवर आहे. सार असं, की तुम्ही असताना जे होतं ते तुम्ही नसतानाही व्हावं अशी सोय लावणं म्हणजे व्यवस्था. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. आम्ही पुण्यात बसून नेमकी हीच सोय लावली नव्हती.

आपल्याकडे रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि विधवांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. परक्याचं मलमूत्र काढणं हे हलकं काम, असं मानणारा तो समाज. त्याला या कामाला शिक्षण लागतं हे पटवणं काही सोपं नसणार. (त्या पोरीला आम्ही काय म्हणायचो? "कामवाली". शंभर वर्षांनंतर!)

मग कायदे आले. १९४९ मध्ये मुंबई सरकारने शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा केला. आमचा मराठवाडा तेव्हा मुंबई राज्यात नव्हता, तो आला १९५६ मध्ये. पण तो कायदा आजारी माणसाला ठेवून घेणाऱ्या जागेचा. माणूस स्वतःच्याच घरी असेल तर तो कायदा दाराशीच थांबतो. २००७ मध्ये आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा झाला. उपविभागीय अधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजारांपर्यंत चरितार्थ मिळू शकतो, म्हाताऱ्या माणसाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांची कैद होऊ शकते. चांगलाच आहे. पण आम्ही आत्याबाईला टाकलं कुठे होतं? पैसे तर दर महिन्याला जात होते! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांग व्यक्तीच्या छळाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतो. पण "वळवलं नाही" हा छळ आहे, हे ओळखणार कोण?

डिसेंबर २०१९ मध्ये २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक लोकसभेत आलं. घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा, हे त्यात प्रथमच होतं. ते मंजूर झालंच नाही, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा आपोआप बारगळलं.

म्हणजे सध्या तरी बघणारे आपणच. म्हणून आता कुणी नातेवाईक फोन करून "चांगली बाई सुचव" म्हणाला, की मी आधी चार गोष्टी सांगतो. तिला कुणी, काय शिकवलंय ते विचारा. रात्रीची दुसरी पाळी ठरवा, नाहीतर स्वतः उठा. उशाशी वही ठेवा, कूस कधी बदलली आणि किती खाल्लं ते त्यात लिहायचं. आणि भेटायला गेलात की चहाच्या आधी पाठ बघा, किंवा घरातल्या बाईला बघायला सांगा. म्हातारी लाजेल, रागावेल. तरी बघा.

ती जखम शेवटपर्यंत भरली नाही. शेजारच्या काकू येऊन वळवायला लागल्या, ती पोरगीही शिकली, आणि शेवटचे तीन महिने तिने आत्याबाईचं जे केलं ते आम्हा कुणालाच जमलं नसतं. जाताना मी तिची माफी मागितली नाही. तेही राहूनच गेलं.

परवा निघताना बाज उचलून आतल्या खोलीत ठेवली आणि ढेलजेला कुलूप लावलं.