चोर कोण, हे कशावरून?

मंडळी, चार चिठ्ठ्यांचा खेळ तुम्ही लहानपणी खेळला असालच. राजा, प्रधान, शिपाई आणि चोर. चिठ्ठ्या उधळायच्या, ज्यानं त्यानं एकेक उचलायची आणि शिपायानं चोर ओळखायचा. शिपायाचं बोट चुकलं, की त्याचे गुण चोराच्या पदरात!

हाच खेळ मोठा झाला की खुनाच्या रहस्याचा खेळ होतो. विलायतेत अँथनी प्रॅट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असा एक पट रचला. १९४९ साली तो ‘क्लूडो’ नावानं बाजारात आला. १९८६ साली मॉस्कोत दिमित्री दाविदोव्ह या विद्यार्थ्यानं ‘माफिया’ हा खेळ काढला. त्याला पटही लागत नाही. नुसत्या बोलण्यावर तो चालतो.

आयत्या वेळी बोलणं आपल्याला काही नवं नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा पदं तेवढी रचलेली होती. भाषणं पात्रं स्वतःच्या पदरची करीत. तमाशाचा वग आणि कोकणातला दशावतार यांचीही रीत हीच.

तेव्हा गुरुजी, एखाद्या शनिवारी हा खेळ मांडून पाहा. समजा, जालन्याच्या शिवारात मोसंबीच्या बागेतला राखणदार मेलेला सापडला. माळी, व्यापारी, टेम्पोवाला, पोलीसपाटील अशी सात-आठ सोंगं घ्या. त्या रात्री आपण कुठं होतो आणि कोणाला पाहिलं, हे प्रत्येकाच्या चिठ्ठीत लिहा. एकीवर ‘खुनी’ अशी खूण करा. बाकीच्यांनी खरंच बोलायचं. खोटं बोलायची मुभा एकट्या खुन्याला. प्रश्न विचारता विचारता कुठंतरी दोघांचं सांगणं जुळत नाही. रहस्याची गाठ तिथंच सुटते.

एक नियम मात्र कडक पाळा. ‘हाच तो’ म्हणणाऱ्यानं ‘कशावरून?’ याचं उत्तर दिलंच पाहिजे. आणि खुनी ठरवायचा तो चिठ्ठीनंच. मुलाचे कपडे, आडनाव किंवा वस्ती पाहून नव्हे.

हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या देशात चोर जन्मावरून ठरवल्याचा इतिहास आहे. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढं तो वाढवीत नेला. पारध्यांसारख्या जमातींतली माणसं काही न करताच गुन्हेगार ठरली. त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. पण गावात चोरी झाली, की पहिलं बोट पालाकडेच वळतं, हे तुम्ही आम्ही पाहतोच.

चिठ्ठ्यांच्या खेळात चुकीच्या बोटाचा फायदा चोराला होतो. गावातही तेच होतं. निरपराध माणूस मार खातो आणि खरा चोर घरी सुखानं झोपतो. हे मुलांना खेळता खेळता उमगलं, तर शनिवारचा तास कारणी लागला म्हणायचा.