दोष कोणाचा, भार कोणावर?



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की बोनस, महागाईभत्ता आणि संप यांखेरीज दुसरे काही कानी पडणार नाही, असे श्रोते धरूनच चालतात. आजचा विषय निराळा आहे. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या आवरणांना दाह होऊन ती जाड होतात, एकमेकांना चिकटतात, त्या विकाराचा हा विषय आहे. मी डॉक्टर नाही. माझे शालेय शिक्षणही बेताचेच. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, दिवसाची तंटे-भांडणे आटोपल्यावर. परंतु या विकाराच्या इतिहासात दोन कामगार आहेत, एक न्यायालय आहे आणि एक असा प्रश्न आहे की, जो गिरणीच्या खात्यात आणि रुग्णालयाच्या खोलीत सारखाच उभा राहतो. म्हणून हा विषय मी निवडला.

प्रथम शरीरातील रचना थोडक्यात सांगतो. कवटीच्या आणि मणक्यांच्या हाडांनी मेंदूला व मज्जारज्जूला संरक्षण दिलेलेच आहे. पण निसर्गाने तेवढ्यावर विसंबून न राहता आत तीन आवरणे घातली. सर्वांत बाहेरचे चामड्यासारखे चिवट, सर्वांत आतले मज्जेला लगटून असलेले तलम, आणि मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे. युरोपातील वैद्यांनी त्याचे नावच कोळ्यावरून ठेवले. मधल्या व आतल्या आवरणांमध्ये पाण्यासारखा नितळ द्रव खेळत असतो, आणि मज्जारज्जूतून निघणारे तंतू त्या द्रवातच पोहत असतात.

या आवरणांना दाह झाला म्हणजे काय होते? पॅरिसमध्ये शार्को आणि त्यांचे सहकारी जॉफ्रॉय यांनी मानेतील बाहेरचे आवरण जाड होऊन मज्जारज्जू आवळला गेल्याची प्रकरणे अभ्यासली. १८७३ साली जॉफ्रॉय यांनी त्यावर प्रबंध लिहिला. पुढे १९०९ मध्ये लंडनचे शल्यविशारद व्हिक्टर हॉर्स्ले यांनी असेच रुग्ण वर्णिले. गाठ असेल अशा समजुतीने पाठ उघडावी आणि आत गाठ नसून दाहाने बिघडलेली आवरणे सापडावीत, असा तो अनुभव होता. त्या काळी कारण म्हणून प्रामुख्याने उपदंश आणि क्षय यांकडे बोट दाखविले जाई. आज कारणांची यादी मोठी आहे. क्षय तर आपल्या देशात अजून आहेच. शिवाय इतर जंतुसंसर्ग, आवरणांत झालेला रक्तस्राव, पाठीवरील शस्त्रक्रिया, एक्स-रेसाठी पूर्वी पाठीत घालत असत ते तेलकट औषध, आणि शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःवरच उलटण्याचे काही विकार.

उपचार कारणाप्रमाणे ठरतो. क्षय असेल तर क्षयाची औषधे महिनोन् महिने घ्यावी लागतात. शरीर स्वतःवर उलटले असेल तर स्टिरॉइड आणि त्या यंत्रणेला आवर घालणारी इतर औषधे देतात. जाड झालेले आवरण मज्जारज्जूला चेपत असेल तर शस्त्रक्रियेने जागा करून देतात. वेळेवर ओळखले तर पुष्कळ सुधारणा होते. परंतु मधले जाळीदार आवरण एकदा वणासारखे आवळून आले, तंतू त्यात गुंतून पडले, की ते सोडवणे फार अवघड. सोडवले तरी पुन्हा चिकटण्याचा धोका असतोच. मग उरतात ती वेदनाशामके, व्यायाम आणि चाकाची खुर्ची. जे झाले ते परत फिरत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. माझे पुढचे सारे म्हणणे तिच्यावरच उभे आहे.

आता इतिहासाकडे वळतो. १८९८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील कील शहरी ऑगस्ट बीअर नावाच्या शल्यवैद्याने एका मजुराच्या पाठीत सुई घालून त्या नितळ द्रवात कोकेन सोडले आणि कमरेखालचा भाग बधिर करून पायावर शस्त्रक्रिया केली. त्याच महिन्यात त्याने व त्याच्या सहायकाने हा प्रयोग एकमेकांवर करून पाहिला. सहायकाच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारली, तरी त्याला वेदना झाली नाही! दुसऱ्या दिवशी मात्र दोघांचीही डोकी दुखत होती. ही युक्ती जगभर पसरली. संपूर्ण भूल त्या काळी धोक्याची. त्यापेक्षा रुग्ण शुद्धीवर ठेवून फक्त खालचा भाग बधिर करणे पुष्कळांना बरे वाटले.

१३ ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातल्या चेस्टरफील्ड गावी दोन माणसांवर अशा रीतीने शस्त्रक्रिया झाली. सेसिल रो आणि आल्बर्ट वुली ही त्यांची नावे. दोघेही कष्टकरी. एकाच्या गुडघ्यातील कूर्चेचा दोष होता, दुसऱ्याला अंडवृद्धी. दोन्ही दुखणी किरकोळ. दोघेही दर आठवड्याला थोडी थोडी वर्गणी भरून त्या रुग्णालयाचे विमेदार झाले होते. म्हणजे धर्मादाय खाटेवर आलेले नव्हते, स्वतःच्या घामाच्या पैशाने मिळवलेल्या हक्काने आले होते. बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञाने, डॉ. ग्रॅहम यांनी, दोघांच्या पाठीत औषध दिले. आणि दोघेही कमरेपासून खाली कायमचे लुळे झाले. मधले ते कोळ्याचे जाळे कोणत्या तरी दाहक द्रव्याने होरपळले होते.

असे का व्हावे? औषध काचेच्या बंद कुप्यांतून येई. कुपीच्या बाहेरचे जंतू मरावेत म्हणून त्या कुप्या फिनॉलच्या, म्हणजे कार्बोलिक ॲसिडच्या, पाण्यात बुडवून ठेवत. लिस्टरने १८६० नंतरच्या दशकात जखमा कुजू नयेत म्हणून हेच द्रव्य वापरून शस्त्रक्रियेचे युग बदलले, हे आपण जाणताच. खटल्यात ऑक्सफर्डचे प्राध्यापक मॅकिंटॉश यांची साक्ष झाली. डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा काचेला पडल्या असतील, त्यांतून फिनॉल आत झिरपले असेल आणि ते औषधाबरोबर पाठीत गेले असेल, असे त्यांचे म्हणणे होते. कुपी तपासली तर होती. पण बिनरंगी पाण्यात बिनरंगी पाणी मिसळले, तर नजरेला काय कळणार? फिनॉलला रंग दिला असता तर चटकन ओळखू आले असते. पण या धोक्याचा इशारा मॅकिंटॉश यांच्याच पुस्तकाने दिला, आणि तो दिला १९५१ साली.

१९४८ च्या जुलैपासून इंग्लंडमधील रुग्णालये सरकारच्या हाती आली होती, म्हणून दावा आरोग्यमंत्र्यांवर आणि त्या डॉक्टरांवर चालला. न्यायमूर्ती मॅकनेअर यांनी १९५३ मध्ये तो फेटाळला. १९५४ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. त्यातील न्यायमूर्ती डेनिंग यांचे निकालपत्र कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवतात. १९४७ चा अपघात १९५४ च्या चष्म्यातून पाहू नये, हे त्यांचे सूत्र. विज्ञानाने मोठे लाभ दिले, पण लाभ घ्यायचे तर धोकाही पत्करला पाहिजे. प्रत्येक दुर्दैवी घटनेबद्दल डॉक्टरांना दंड केला, तर ते रुग्णाच्या हितापेक्षा स्वतःच्या सुरक्षिततेचाच विचार करू लागतील, असेही त्यांनी बजावले. या दोन अभागी माणसांची शोकांतिका ऐकून कोणाचेही मन हेलावेल, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले. परंतु दोघांच्या हाती पडले शून्य.

श्रोतेहो, डेनिंगसाहेबांवर टीका करायला मी उभा नाही. जी गोष्ट त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हती, तिच्याबद्दल डॉक्टरला निष्काळजी ठरवणे हा अन्याय झाला असता. त्यांच्यापुढे जो प्रश्न ठेवला होता त्याचे उत्तर बरोबरच होते. माझी तक्रार प्रश्नाबद्दल आहे. “दोष कोणाचा?” असे विचारले. दोष कोणाचाच नसेल, तर भार कोणी वाहायचा, हे विचारलेच नाही. आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप ठरले: ज्याचे पाय गेले, त्यानेच.

ही विचारसरणी कामगाराला नवी नाही. १८३७ साली इंग्लंडात एका खाटकाच्या नोकराची मांडी गाडी मोडून चिरडली. ज्यूरीने त्याला शंभर पौंड दिले. वरच्या न्यायालयाने ते काढून घेतले. नोकरी पत्करली म्हणजे तिच्यातला धोकाही पत्करला, असा एकूण न्याय. लाभ घ्यायचा तर धोका घ्या, हेच शब्द थोड्या फरकाने! त्यानंतर साठ वर्षे खाणींत आणि कारखान्यांत माणसे मोडत राहिली. मालकाचा दोष सिद्ध करा, मग भरपाई मागा, असे त्यांना सांगितले गेले. कामगारांच्या रेट्याने अखेर १८९७ मध्ये तिथे कायदा झाला. कामावर असताना इजा झाली ना? मग दोष कोणाचा हे बाजूला ठेवा, भरपाई द्या. आपल्याकडे तेच तत्त्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आले. धंदा चालायचा तर काही अपघात होणारच. मग त्या अपघातांची किंमत धंद्याच्या खर्चात धरली पाहिजे, अपघात झालेल्याच्या माथी मारता कामा नये, एवढे साधे ते तत्त्व आहे. यंत्राला हे लागू पडते, तर पाठीतल्या सुईला का पडू नये?

हे तत्त्व नुसते माझे स्वप्न नव्हे. न्यूझीलंडमध्ये न्यायमूर्ती वुडहाउस यांच्या आयोगाने १९६७ साली अहवाल दिला, १९७२ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९७४ पासून तो अमलात आला. अपघातग्रस्ताने दावा लावण्याचा हक्क सोडायचा आणि त्याबदली दोष सिद्ध न करता सार्वजनिक निधीतून भरपाई घ्यायची, असा तो सौदा आहे. उपचारातून झालेली इजाही त्यात धरली जाते. स्वीडनने १९७५ पासून रुग्णांसाठी विमा सुरू केला. या दोन्ही देशांत डॉक्टर उपाशी मेले नाहीत की रुग्णालये ओस पडली नाहीत!

आपल्याकडे काय आहे? मॅकनेअर यांनीच १९५७ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात ज्यूरीला जी कसोटी सांगितली, ती आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मान्य केली. कसोटी अशी की, त्या विद्येतील जाणत्यांच्या एखाद्या जबाबदार गटाला मान्य असलेल्या रीतीने डॉक्टर वागला असेल, तर तो निष्काळजी नव्हे. १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले, आणि २००७ मध्ये कामगार विम्याच्या दवाखान्यालाही तोच नियम लागला, कारण कामगाराची वर्गणी म्हणजे मोबदलाच, असे न्यायालय म्हणाले. चांगलेच झाले. परंतु निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट कायम राहिली.

आणि ती सिद्ध झाली तरी काय पदरात पडते? मे १९५३ मध्ये कोकणातल्या पालशेत येथे समुद्रकाठी एका तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्यास आणले. तिथे भूल न देता पाय जोराने ओढून बसवला गेला आणि तो दगावला. बापाने दावा लावला, तो जिंकला. सर्वोच्च न्यायालयात शेवटचा निकाल लागायला १९६८ उजाडले. पंधरा वर्षे, आणि रक्कम तीन हजार रुपये. दोष शाबीत करू शकणाऱ्याची ही कथा. ज्याला तो शाबीत करता येत नाही, त्याने कोणाच्या दारी जायचे?

चेस्टरफील्डची कथा इथेच संपत नाही. १९९० मध्ये एका भूलतज्ज्ञाने सगळे पुरावे पुन्हा तपासून ब्रिटनमधील भूलशास्त्राच्या नियतकालिकात वेगळाच तर्क मांडला. सुया व पिचकाऱ्या ज्या भांड्यात उकळत, त्याच्या तळाशी साचलेला क्षार काढण्यासाठी आम्ल वापरलेले असावे, ते भांड्यात राहून गेले असावे आणि तेच दोघांच्या पाठीत गेले असावे. हा तर्क खरा असेल, तर न्यायालयाने ज्या अदृश्य भेगांवर निकाल दिला त्या भेगांचा काही संबंधच नव्हता. आणि भांडे नीट धुतले गेले की नाही, हा प्रश्न अगदी निराळा झाला असता. पण तो विचारायला त्रेचाळीस वर्षे उशीर झाला होता. दोषाचा शोध कधी कधी इतका लांबतो. औषध, भाकरी आणि घरभाडे यांना मात्र तितकी वाट पाहता येत नाही.

एक गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे, नाही तर इथून कोणी धास्ती घेऊन घरी जाईल. पाठीतून दिलेली भूल आज अतिशय सुरक्षित मानली जाते. असंख्य बाळंतपणे तिच्यामुळे सुखरूप होतात. सुया एकदाच वापरून टाकून देतात, कुप्या फिनॉलात बुडवून ठेवत नाहीत. या एका खटल्यानंतर ब्रिटनमध्ये मात्र कित्येक वर्षे डॉक्टर ती द्यायला कचरत होते. खटला डॉक्टरांनी जिंकला होता, तरीही! दोषाच्या भीतीने उपचाराचे नुकसान होते, हे डेनिंगसाहेबांचे म्हणणे असे खरे ठरले. पण त्यावरचा उपाय जखमी माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणे हा नव्हे. चूक झाली की डॉक्टर मोकळेपणाने सांगेल, रुग्णाला कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही, आणि खर्च सगळ्यांत वाटला जाईल, अशी सोय करणे हा उपाय आहे.

रो आणि वुली आठवड्याची वर्गणी भरत होते ती नेमक्या याच कल्पनेने. दहा जणांनी थोडे थोडे द्यावे, म्हणजे अकराव्यावर आकाश कोसळले तर तो एकटा पडणार नाही. युनियन या एकाच कल्पनेवर चालते, विमाही तिच्यावरच चालतो. उपचारात इजा झालेल्यांसाठी असा निधी आपल्या राज्यात उभा करा, अशी मागणी कामगार संघटनांनी आणि डॉक्टरांच्या संघटनांनी एका अर्जावर सह्या करून केली पाहिजे. आजवर हे दोघे एका कागदावर क्वचितच आले. या कागदावर यायला कोणाचीच हरकत नसावी.