लेकी बोले, सुने लागे

सासू रागावते पोटच्या लेकीवर, आणि डोळ्यांत पाणी येतं चुलीपाशी बसलेल्या सुनेच्या. 'लेकी बोले, सुने लागे' ही म्हण घरोघरची. पण मंडळी, ही रीत राजकारणातही चालते. एके काळी तिने इंग्रज सरकारला चांगलेच पेचात टाकले होते.

साल १९०७. बंगालच्या फाळणीला दोन वर्षे झाली होती. ती करणारा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन मायदेशी परतला होता, पण त्याच्या उद्दाम कारभाराचा सल लोकांच्या मनात ताजा होता. उघड बोलावे, तर राजद्रोहाचे कलम डोक्यावर टांगलेले! त्याच कलमाखाली १८९७ साली लोकमान्य टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली होती. अशा वेळी टिळकांचे 'केसरी'तील सहकारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' हे नाटक रंगभूमीवर आले.

कथा महाभारतातली. पांडव अज्ञातवासात आहेत. द्रौपदी सैरंध्री होऊन विराटाच्या राणीची दासी झाली आहे. राजाचा मेहुणा कीचक तिच्यावर हात टाकू पाहतो. धर्मराज म्हणतो, धीर धरा. भीमाला धीर निघत नाही. तो कीचकाला ठार करतो.

यात इंग्रजांचे नाव कुठे आहे? कुठंच नाही. पण कीचक म्हणजे कर्झन, गांजलेली द्रौपदी म्हणजे हिंदमाता, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कुणी सांगावे लागले नाही. या कुलपाची किल्ली लेखकाने वाटली नव्हती. ती लोकांपाशी होतीच. कथा-कीर्तने ऐकून अक्षरशत्रू माणसालाही कीचक ठाऊक होता.

सरकारची मात्र पंचाईत झाली. बंदी घालायची, म्हणजे 'हा कीचक आमचाच' असे कबूल करायचे! डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा दुसऱ्याच एका नाटकाच्या वेळी खून झाला. त्यानंतर, १९१० साली, सरकारने 'कीचकवधा'वर बंदी घातलीच. त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने आपल्या पुस्तकात कोण म्हणजे कोण, याची फोड छापून टाकली.

आता म्हणीकडे पुन्हा पाहा. म्हणीतली सासू बलवान, सून दुबळी. खाडिलकरांनी म्हण उलटी केली. इथे सुनेने सासूला ऐकवले, तेही तुरुंगाची जोखीम पत्करून.

१९५० साली राज्यघटनेने आपल्याला भाषणाचे स्वातंत्र्य दिले. तरी आडून बोलणे थांबलेले नाही. वक्ता कुठल्या जातीचे वा धर्माचे नाव घेत नाही. नुसते 'ते लोक' म्हणतो. ऐकणारे ओळखतात, टाळ्या पडतात. जाब विचारला, की हात झटकून म्हणतो, 'मी कुणाचं नाव घेतलं?' ही पुन्हा सासूचीच रीत झाली.

म्हणून सभेला गेलात, की वक्त्याचे शब्द ऐकाच. पण मनाशी दोन प्रश्न विचारा. हा बोल लागतो कुणाला, वरच्याला की खालच्याला? आणि बोलणाऱ्याला त्यात काही जोखीम आहे का? शिक्षकबंधूंनो, 'कीचकवधा'ची हकीगत वर्गात सांगाल, तेव्हा हे दोन प्रश्नही मुलांना द्या. टाळी वाजवण्याआधी क्षणभर थांबायला ती शिकली, तरी पुष्कळ झाले.