एकोणसत्तर यार्डांची धाव

गोव्यात फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ. अमेरिकेत त्याच नावाच्या खेळातला चेंडू लांबट असतो आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. छातीशी धरून, प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीतून वाट काढत तो शेवटच्या रेषेपार न्यायचा. खेळ वेगळा, पण वेड आपल्यासारखेच. नेब्रास्का हे मक्याचे आणि गुरांचे राज्य. तिथे बडा व्यावसायिक संघ नाही, त्यामुळे लिंकनच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा संघ हाच साऱ्या राज्याचा संघ.

याच राज्यातल्या ॲटकिन्सन गावचा जॅक हॉफमन २०११ मध्ये पाच वर्षांचा होता. एके दिवशी त्याला झटका आला आणि मेंदूत गाठ असल्याचे निघाले. पहिल्या शस्त्रक्रियेत ती पुरती काढता आली नाही. बोस्टनला दुसरी शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा जाण्याआधी पोराची आपल्या आवडत्या खेळाडूशी, रेक्स बर्कहेडशी भेट व्हावी अशी घरच्यांची इच्छा होती. बर्कहेड भेटला, त्याच्यासोबत जेवला.

असे प्रसंग एरवी इथेच संपतात. एक फोटो, एक सही आणि जो तो आपल्या वाटेने. इथे तसे झाले नाही. बर्कहेडने 'टीम जॅक' लिहिलेला पट्टा मनगटावर बांधला. मुलांच्या मेंदूच्या कर्करोगावरील संशोधनासाठी निधी जमवण्याचे काम संघातल्या मुलांनी अंगावर घेतले.

६ एप्रिल २०१३ रोजी संघाचा आपसातला सराव सामना होता. आपले फातोर्ड्याचे स्टेडियम तीनदा भरेल एवढी, सुमारे साठ हजार माणसे आली होती. शेवटच्या सत्रात सात वर्षांचा जॅक बर्कहेडचा २२ क्रमांक घालून मैदानात उतरला. त्याची केमोथेरपी तेव्हा चालूच होती. टेलर मार्टिनेझने चेंडू त्याच्या हातात दिला आणि पोर धावत सुटले. सगळे ६९ यार्ड पार करून जॅक रेषेपलीकडे पोचला. दोन्ही बाजूंचे खेळाडू त्याच्याभोवती गोळा झाले आणि त्यांनी त्याला उचलून धरले. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्याला व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले.

कुणी म्हणेल, यात काय मोठेसे? अडवणारे अडवत नव्हते, हा तर देखावा! बरोबर आहे, त्या धावेत कुणी कुणाला हरवले नाही. पण तिचे मोल ठरते तिच्या आधीच्या दोन वर्षांवरून आणि नंतरच्या बारा वर्षांवरून. मुलांच्या मेंदूतल्या गाठी मोठ्यांच्या गाठींहून वेगळ्या असतात. रुग्ण थोडे, म्हणून औषध कंपन्यांना त्यात रस कमी. ही उणीव भरून काढायला जॅकच्या घरच्यांनी 'टीम जॅक फाउंडेशन' उभे केले. त्या धावेने घरोघरी पोचलेल्या या नावाने पुढे संशोधनासाठी एक कोटी डॉलरहून अधिक निधी जमवला.

नियती मात्र फार कठोर निघाली. मुलासाठी झटणारे वडील अँडी २०२१ मध्ये मेंदूच्याच कर्करोगाने गेले. जॅक शाळेच्या संघातून खेळला, २०२४ मध्ये शाळा संपवून कॉलेजात गेला आणि १५ जानेवारी २०२५ रोजी, एकोणीस वर्षांचा असताना, त्याने जगाचा निरोप घेतला.

म्हणजे सगळे व्यर्थ गेले का? मला तसे वाटत नाही. गाठ विरघळवणे त्या खेळाडूंच्या हातात नव्हते. आजारी पोराला 'बिचारा' न म्हणता 'आपल्या संघातला' म्हणणे हातात होते, ते त्यांनी केले. आणि आपल्यामागे येणाऱ्या दुसऱ्या पोरांसाठी पैसा उभा राहील, हेही पाहिले. आपल्या वाड्यावाड्यावर फुटबॉलचे संघ आहेत. त्यातल्या कुणाचा धाकटा भाऊ बांबोळीच्या इस्पितळात पडून असेल, तर रक्त द्यायला अकरा जण आहेत, खाटेपाशी पाळीपाळीने बसायलाही आहेत. त्याला साठ हजार प्रेक्षक लागत नाहीत. पहिल्या भेटीनंतर दुसऱ्यांदा जावे लागते, एवढेच.