शिळ्या पाण्याचे शास्त्र

आपल्याकडे आजही अनेक घरांत सकाळी कालचे पाणी ओतून देतात, हंडा-कळशी घासतात आणि मग ताजे पाणी भरतात. अन्नासारखे पाणीही शिळे होते, हे मराठी माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. या ग्रंथाच्या विषयात शिरताना वाचकांनी तेवढी शिदोरी बरोबर घेतली तरी पुरे. रुग्णालयाच्या टाक्यांत, नळांत आणि बेसिनच्या मोरीत वस्ती करणारे जीवाणू रुग्णापर्यंत कसे पोहोचतात, याचा हा अभ्यास आहे.

पाण्याचे आजार म्हटले की आपल्याला कॉलरा, विषमज्वर, कावीळ आठवते. ते सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून, तोंडावाटे येतात. इथली गोष्ट वेगळी आहे. स्यूडोमोनास किंवा लिजिओनेला हे जीवाणू शुद्ध केलेल्या पाण्यातही थोडेफार असू शकतात, आणि निरोगी माणसाला ते पाणी पिऊन सहसा काही होत नाही. पाइपाच्या आतल्या बाजूस ते एक बुळबुळीत थर धरतात. या थराला बायोफिल्म म्हणतात, आणि त्याच्या आत क्लोरीनची मात्रा फारशी चालत नाही. भाजलेली त्वचा, शिरेत घातलेली नळी, श्वासासाठी लावलेले यंत्र, अपुऱ्या दिवसांचे बाळ अशा ठिकाणी मात्र शरीराचे दार उघडेच असते. पिण्यास योग्य असलेले पाणी प्रत्येक रुग्णासाठी सुरक्षित असतेच असे नाही, हे या विषयाचे पहिले सूत्र.

या शाखेला मोठी चालना मिळाली ती एका हॉटेलमुळे. 1976 च्या जुलैत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले. त्यानंतर अनेकांना न्यूमोनिया झाला, कित्येक दगावले आणि कारण महिनोन्‌महिने सापडेना. अखेर जोसेफ मॅकडेड यांना तो जीवाणू सापडला, 1977 च्या जानेवारीत तो जाहीर झाला आणि संघटनेवरूनच त्याला लिजिओनेला हे नाव पडले. साधारण 20 ते 45 अंश सेल्सियसच्या कोमट, साचलेल्या पाण्यात तो वाढतो, हे पुढे उमगले. गरम पाणी 60 अंशांवर साठवण्याचा दंडक त्यातूनच आला.

दुसरी घटना अधिक चटका लावणारी आहे. 2012 च्या जानेवारीत बेलफास्टमधल्या नवजात अतिदक्षता विभागात स्यूडोमोनासच्या संसर्गाने तीन बाळे गेली. माग काढता काढता तपास नळांपाशी पोहोचला. धार सरळ पडावी म्हणून तोटीच्या तोंडाशी प्लास्टिकची लहानशी जाळी बसवलेली असते. नळ सुटे करून पाहिले, तेव्हा जीवाणूंचा सर्वाधिक भरणा या जाळ्यांत निघाला. शहराचे जलशुद्धीकरण चोख असूनही घात बोटभर लांबीच्या शेवटच्या टप्प्यात झाला होता.

कधी पाणी नळातून येताना बाधते, तर कधी मोरीत पडताना. टोरोंटोच्या एका अतिदक्षता विभागात 2004 पासून असाच संसर्ग रेंगाळत होता. संशोधकांनी मोरीत चमकणारा रंग ओतला आणि नळ सोडला. धार थेट मोरीच्या तोंडावर पडत होती, आणि रंगाचे शिंतोडे निदान एक मीटरपर्यंत उडालेले दिसले. व्हिएन्नात 1847 साली सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावले. त्याच हात धुण्याच्या बेसिनवर पुढे संशय यावा, हा या इतिहासातला पेच आहे. म्हणून हात धुणे सोडायचे नसते. बेसिन खोल करावे, धार मोरीवर पडू देऊ नये आणि औषधे त्याच्या शेजारी तयार करू नयेत, हा त्यातला धडा.

या विषयाला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाइतकीच प्लंबरची, परिचारिकेची आणि वास्तुरचनाकाराची गरज लागते, याचा आम्हा अभ्यासकांना थोडा अभिमान आहे. त्यामुळे जीवाणूंची लांबलचक नावे पाहून बिचकू नका. ती वाचता वाचता ओळखीची होतात. आधी एखाद्या नळासमोर उभे राहा आणि तीन प्रश्न विचारा: पाणी कुठे थांबते, किती कोमट होते आणि कुठे सांडते? पुढच्या प्रकरणांतले बहुतेक सारे या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून उलगडत जाते.

जिथे ही शिस्त पाळली जाते, तिथे फारसा वापर नसलेले नळही ठरल्या दिवशी उघडले जातात. वॉर्डातली मावशी कोपऱ्यातला नळ सोडते, काही मिनिटे पाणी वाहू देते आणि वहीत सही करते. पाहणाऱ्याला वाटते, पाणी वाया चालले. हे पुस्तक वाचून झाल्यावर तुम्हाला तसे वाटणार नाही. ती शिळे पाणी ओतून देत असते.