सक्ती की स्वेच्छा? एनएसएसच्या इतिहासातला एक जुना वाद

एनएसएसवर शोधनिबंध करायचा म्हटलं की पहिलं प्रकरण जवळपास ठरलेलं असतं. २४ सप्टेंबर १९६९, गांधी जन्मशताब्दीचं वर्ष, केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव, ३७ विद्यापीठं, ४० हजार विद्यार्थी. मग बोधचिन्हातलं कोणार्कचं रथचक्र, 'नॉट मी बट यू' हे ब्रीद आणि त्याखाली उद्दिष्टांची यादी. यातलं खोटं काहीच नाही, पण याला इतिहास म्हणणं अवघड आहे. योजना सुरू झाली त्या दिवसापासून तिची गोष्ट सांगायला घेतली, की ती अशीच असणार होती असं वाटायला लागतं. म्हणून तुम्ही आधी दहा-अकरा वर्षं मागे जा.

विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने राष्ट्रीय सेवा करावी, असं राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्येच सुचवलं होतं. १९५८ साली पंडित नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना लिहिताना एक पाऊल पुढे टाकलं: पदवी हवी असेल तर आधी समाजसेवा. लगेच १९५९ मध्ये समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते आपले चिंतामणराव देशमुख. संयुक्त महाराष्ट्राच्या वादात मुंबईच्या प्रश्नावरून अर्थमंत्रिपद सोडलेले, आणि तेव्हा यूजीसीचे अध्यक्ष असलेले.

देशमुख समितीची शिफारस आज वाचली तर दचकायला होतं. हायस्कूल संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा करायची, आणि तीही सक्तीने. त्यात थोडं लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत, सामान्य शिक्षण असं सगळं. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणी बघता ही शिफारस मान्य झाली नाही. मग के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या अशा योजनांचा अभ्यास केला आणि १९६० मध्ये सांगितलं, की हे काम शक्यतो स्वेच्छेवरच चालावं.

वाद इथे संपला असं वाटतं ना? पण १९६२ चं चीनचं युद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी एनसीसी सक्तीची झाली. म्हणजे सक्ती आलीच, फक्त सेवेची नाही, कवायतीची. एप्रिल १९६७ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं, की विद्यापीठ पातळीवर एनसीसी ऐच्छिक ठेवावी आणि तिला पर्याय म्हणून राष्ट्रीय सेवा योजना द्यावी. एनएसएसचा जन्म असा परेडला पर्याय म्हणून झाला, आणि चौथ्या पंचवार्षिक योजनेत तिच्यासाठी ५ कोटी रुपये ठेवले गेले. माझ्या मते गांधी शताब्दीपेक्षा ही तडजोड योजनेच्या स्वभावाबद्दल जास्त सांगते.

आता हिशेब बघा. समितीला हवं होतं जवळजवळ एक अख्खं वर्ष. हाती आले वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर. आठ तासांचा दिवस धरला तर २४० तास म्हणजे ३० दिवस. दिल्लीत आक्रसलेली ही कल्पना गावात नेऊन उभी करायची कोणी? तर कार्यक्रम अधिकाऱ्याने. म्हणजे कॉलेजातल्याच एका प्राध्यापकाने, आपले तास सांभाळून, साधारण शंभर स्वयंसेवकांना घेऊन.

या माणसावर आपल्याकडे फारच कमी लिहिलं जातं. धोरण लिहिणाऱ्यांची नावं मिळतात, शिबिराच्या शिध्याची व्यवस्था करणाऱ्याचं नाव मात्र कॉलेजच्या वार्षिक अंकातल्या एका फोटोखाली सापडतं, तेही सापडलं तर.

आणि साधनं वाचताना जरा सावध राहा. वार्षिक अहवालात 'शंभर स्वयंसेवक, बारा हजार तास' असं दिसलं तर थांबा. शंभर गुणिले एकशे वीस बरोबर बारा हजार! हा आकडा शिवारातून आलेला असेलच असं नाही, नियमातूनही आलेला असू शकतो. म्हणून तो लगेच खोटा ठरवायचीही घाई नको. अधिकाऱ्याला वर काय दाखवावं लागत होतं, हे तो आकडा नक्की सांगतो. खरं काम शोधायचं तर हजेरीपट, स्वयंसेवकांच्या दैनंदिनी, किराणा दुकानाची बिलं बघा. नॅकसाठी लागतील तेवढ्या वर्षांच्या फायली अनेकदा जपल्या जातात, बाकीच्या रद्दीत. सत्तरच्या दशकात हे काम केलेले प्राध्यापक आज वयाची पंचाहत्तरी, ऐंशी ओलांडून गेलेत. मुलाखतींचं काम 'प्रस्तावना झाल्यावर बघू' म्हणून ठेवू नका.

त्यांना विचारण्यासारखा एक प्रश्न सांगतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडत होती, मजुरीसाठी. त्याच दशकात 'दुष्काळाविरुद्ध युवक' अशा विषयावर एनएसएसची शिबिरं झाली. एकीकडे मजुरीवर बांध घालणारी बाई आणि दुसरीकडे श्रमदान म्हणून बांध घालणारा बी.ए.चा विद्यार्थी, हे दोघं एकाच शिवारात भेटले का? भेटले तर काय बोलले? स्वेच्छा हा शब्द तिच्या कानाला कसा लागला असेल?

स्वेच्छेचा प्रश्न विद्यार्थ्याच्या बाजूनेही सोपा नाही. कुणी सवलतीच्या गुणांसाठी नाव घातलं, कुणी प्रमाणपत्रासाठी, कुणी घराबाहेर सात दिवस राहायला मिळावं म्हणून. मुलींच्या बाबतीत हे शेवटचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. आता नव्या शैक्षणिक धोरणात एनएसएसला श्रेयांक आले आहेत. देशमुख समितीची पदवी आणि सेवा यांची गाठ वेगळ्या दोऱ्याने पुन्हा बांधली जातेय, असं म्हणता येईल का? मला तरी म्हणता येईल असं वाटतं, पण ते तुम्हाला पुराव्यानिशी दाखवावं लागेल.

शेवटी 'दत्तक गाव' या शब्दाकडे बघा. दत्तक घेणारं कॉलेज, त्यामुळे कागद सगळे कॉलेजचे. गावाकडचा कागद हवा असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावांची जुनी वही मागा. शिबिराच्या आठवड्याआधीच्या आणि नंतरच्या सभा वाचा. शिबिराचा उल्लेख कुठल्या विषयाखाली आलाय तेही टिपून घ्या: रस्त्याखाली, पाण्याखाली, की 'आयत्या वेळच्या विषयां'त.