पिशवीवरची तारीख

आजच्या भागाची सुरुवात जरा घरगुती आहे.

मागच्या पावसाळ्यात माझ्या मावशीचं ऑपरेशन झालं. रक्त लागणार होतं, म्हणून थंड डबा घेऊन काकांबरोबर मी रक्तपेढीत गेले. खिडकीतून पिशवी पुढे आली. गारेगार, गडद लाल, जवळजवळ काळपट. लेबलवर दोन तारखा होत्या: रक्त घेतल्याची आणि मुदत संपण्याची. मी मनातल्या मनात मोजलं. रक्त घेऊन ३१ दिवस झाले होते. मुदत संपायला ११ दिवस बाकी.

काकांनी लगेच विचारलं, "ताजं नाहीये का? हे शिळं रक्त कशाला?" खिडकीतले दादा शांतपणे म्हणाले, "मुदतीत आहे, काका. काळजी करू नका." काका गप्प बसले. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. एकतीस आणि अकरा, म्हणजे ४२ दिवस. हा आकडा ठरवला कुणी? आणि कशावरून?

त्यासाठी आपल्याला शंभरेक वर्षं मागे जायला लागेल.

रक्त साठवायचं म्हटलं की पहिली अडचण म्हणजे ते गोठतं. १९१४-१५ च्या सुमाराला ब्रसेल्स, ब्युनोस आयरेस आणि न्यूयॉर्क इथल्या डॉक्टरांनी दाखवलं की रक्तात थोडं सोडियम सायट्रेट घातलं तर ते गोठत नाही, आणि योग्य प्रमाणात दिलं तर माणसाला चालतंही. दुसरी अडचण पोटाची. लाल पेशीत केंद्रक नसतं, ऊर्जा बनवायचे मोठे कारखानेही नसतात. ती जगते फक्त साखरेवर. मग १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राऊस आणि जे. आर. टर्नर यांनी सायट्रेटबरोबर साखर घातली, रक्त थंडीत ठेवलं आणि सशांवर प्रयोग केले.

आता नीट ऐका, कारण आजचा सगळा भाग या एका निरीक्षणावर उभा आहे. १४ दिवस ठेवलेल्या पेशी सशाला दिल्या, तर त्या छान टिकल्या, काम करत राहिल्या. त्याहून जास्त दिवस ठेवलेल्या पेशी बाटलीत दिसायला अगदी ठणठणीत होत्या. पण सशाच्या अंगात गेल्यावर थोड्याच काळात गायब!

म्हणजे बाटलीत बघून काही कळत नाही. पेशी जिवंत आहे की नाही, ते ती आत गेल्यावरच ठरतं.

पण युद्ध चालू होतं, थांबायला वेळ कुणाला होता? राऊस यांच्याबरोबर काम केलेला ऑस्वाल्ड रॉबर्टसन नावाचा तरुण डॉक्टर १९१७ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेला. त्याने हेच मिश्रण वापरून रक्ताच्या बाटल्या भरल्या आणि दारूगोळ्याच्या पेट्यांत बर्फ आणि लाकडाचा भुसा भरून त्यात त्या ठेवल्या. आज ज्याला आपण ओ गट म्हणतो, त्या गटाचं रक्त निवडलं, म्हणजे प्रत्येकाचा गट तपासत बसायला नको. कांब्रेच्या लढाईत, नोव्हेंबर १९१७ मध्ये, जखमी सैनिकांना हे साठवलेलं रक्त दिलं गेलं. बर्फाच्या पेटीतली ती जगातली पहिली रक्तपेढीच म्हणा ना. माझ्या हातातला थंड डबा हा त्या पेटीचा पणतू!

रक्त दिल्यावर सैनिकाची नाडी सुधारते, चेहऱ्यावर रंग येतो, हे दिसत होतं. पण त्या परक्या पेशी आत किती दिवस जगतात? हे मोजायचं कसं? एकदा रक्तात रक्त मिसळलं की कुठली पेशी कुणाची, हे ओळखणार कसं?

याचं उत्तर शोधलं विनिफ्रेड अॅशबी या बाईंनी. जन्म लंडनचा, काम अमेरिकेत, मिनेसोटाच्या मेयो क्लिनिकमध्ये. त्यांची युक्ती इतकी सोपी आहे की ऐकल्यावर वाटतं, अरे, हे मला का नाही सुचलं! समजा रुग्णाचा गट ए आहे. त्याला ओ गटाचं रक्त दिलं. काही दिवसांनी त्याच्या रक्ताचा थेंब घ्यायचा आणि त्यात ए पेशींना एकमेकींना चिकटवणारा रक्ताचा सीरम घालायचा. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींच्या गुठळ्या होतात. ओ गटाच्या पाहुण्या पेशी मात्र सुट्या राहतात. त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. पुन्हा काही दिवसांनी थेंब घ्यायचा, पुन्हा मोजायच्या. बस.

१९१९ मध्ये त्यांनी छापलं की दिलेल्या पेशी महिनाभर आणि त्याहूनही जास्त टिकतात. पुढे मोजत गेल्यावर आकडा शंभर दिवसांच्या आसपास पोचला. नंतर १९४६ मध्ये डेव्हिड शेमिन या शास्त्रज्ञाने स्वतःच खुणेचं नायट्रोजन असलेलं ग्लायसिन खाऊन आपल्या पेशींचं आयुष्य मोजलं, तेव्हा १२७ दिवस आले. आज आपण साधारण १२० दिवस धरतो.

मग आलं दुसरं महायुद्ध. शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमध्ये बर्नार्ड फँटस यांनी १९३७ मध्येच 'ब्लड बँक' हा शब्द रूढ केला होता. आता इंग्लंडमध्ये बाटल्यांची गरज प्रचंड वाढली. तिथे पॅट्रिक मॉलिसन नावाच्या तरुण डॉक्टरने अॅशबीबाईंची युक्ती उचलली आणि वेगवेगळ्या मिश्रणांत, वेगवेगळे दिवस ठेवलेलं रक्त देऊन पाहुण्या पेशी मोजत बसला. कुठलं मिश्रण चांगलं, याचा निकाल आता बाटली देणार नव्हती, शरीर देणार होतं.

इथे एक गंमत झाली. सायट्रेट आणि साखर एकत्र उकळून निर्जंतुक करायला गेलं की साखर करपते, आपल्या पाकासारखी. म्हणून मिश्रण थोडं आंबट केलं, की करपत नाही. सोयीसाठी केलेल्या या बदलाने पेशीही जास्त टिकल्या! १९४३ मध्ये लाउटिट आणि मॉलिसन यांनी हे मिश्रण मांडलं. एसीडी हे त्याचं नाव. यामुळे रक्त २१ दिवस ठेवता यायला लागलं. पुढे सुधारणा होत गेल्या. आधी ३५ दिवस, मग स्वीडनमधून आलेल्या सॅगएम या मिश्रणाने ४२. आपल्याकडेही पिशवीत कुठलं मिश्रण आहे त्यावरून ३५ किंवा ४२ दिवस ठरतात.

आणि रेघ कुठे मारली? साधारण नियम असा: मुदतीच्या शेवटच्या दिवशीचं रक्त दिल्यावर २४ तासांनी सरासरी निदान ७५ टक्के पेशी अंगात फिरत असल्या पाहिजेत. ४२ मागे काही जादू नाही. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीपटावर किती पेशी हजर, एवढाच प्रश्न.

गैरहजर पेशी जातात कुठे? फ्रीजमध्ये पेशी हळूहळू दमते. ऊर्जा कमी होते, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, बशीसारखा आकार जाऊन अंगावर काटे येतात, मग ती गोळ्यासारखी ताठ होते. प्लीहा आणि यकृत अशा पेशी ओळखून काढून टाकतात. ऑक्सिजन सोडायला मदत करणारं २,३-डीपीजी नावाचं रसायन तर दोनेक आठवड्यांत जवळजवळ संपतं. पण हे ऐकून मला खूप बरं वाटलं: ज्या पेशी टिकतात, त्या नव्या घरात गेल्यावर एक-दोन दिवसांत ते पुन्हा भरून काढतात. शिळी भाकरी पुन्हा ताजी होत नाही. पेशी काही प्रमाणात होते.

तरी काकांचा प्रश्न उरतोच. पेशी हजर आहेत, पण रुग्ण बरा होतो का? २००८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या हृदय-शस्त्रक्रियांच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या. १४ दिवसांपेक्षा जुनं रक्त मिळालेल्यांमध्ये मृत्यू जास्त दिसले. जगभर खळबळ! पण त्या होत्या नोंदी. रक्त कुणाला कुठलं मिळालं हे चिठ्ठी टाकून ठरलं नव्हतं.

मग चिठ्ठ्या टाकून मोठे प्रयोग झाले. युगांडात कंपालाला तीव्र अॅनिमिया असलेल्या २९० लहान मुलांना १ ते १० दिवसांचं किंवा २५ ते ३५ दिवसांचं रक्त दिलं. २०१५ मध्ये निकाल आला: जुन्या रक्तानेही मुलांच्या शरीराला ऑक्सिजन तितकाच नीट मिळाला. २०१६ मध्ये २०,००० हून जास्त रुग्णांच्या प्रयोगात सरासरी १३ दिवसांचं आणि सरासरी २४ दिवसांच्या आसपासचं रक्त ताडून पाहिलं. मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक नाही.

याचा अर्थ वय कधीच महत्त्वाचं नाही, असं नव्हे. नवजात बाळाचं रक्त बदलताना पोटॅशियममुळे ताजं रक्त बघतात. थॅलेसेमियाच्या मुलांना आयुष्यभर पिशव्या लागतात, म्हणून त्यांना जास्त दिवस टिकतील अशा ताज्या पेशी द्यायचा प्रयत्न असतो. पण ते डॉक्टर ठरवतात. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाने "ताजंच द्या" म्हटलं, तर जुन्या पिशव्या मुदत संपून फेकल्या जातील, आणि ज्या बाळाला खरंच ताजं हवंय त्याचं रक्त आपण पळवलेलं असेल.

मावशी चौथ्या दिवशी खुर्चीत बसून चहा पीत होती. त्या ३१ दिवसांच्या पिशवीतल्या किती पेशी तिच्या अंगात हजर होत्या, ते कुणी मोजलं नाही. मोजायची गरजच पडली नाही, कारण मोजणारे आधी होऊन गेले. काकांना मी हा सगळा इतिहास सांगितला. ते म्हणाले, "मग त्या अॅशबीबाईंचं नाव पिशवीवर का नाही छापत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर कमेंटमध्ये लिहा. आणि पुढच्या वेळी रक्तदान कराल, तेव्हा पिशवीवर तारीख लिहिताना जरा बघा. भेटू पुढच्या भागात!